मूस हरणाचे दूध, ओढकाम आणि आपले गवे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : रशियात मूस नावाचे घोड्याहून उंच हरीण पाळतात आणि त्याची धार काढतात, असे वाचनात आले. आमच्या घरी पूर्वापार म्हशी आहेत, त्यामुळे कुतूहल वाटले. हे खरे आहे का? खरे असेल तर हा प्राणी गाई-म्हशींसारखा सगळीकडे का पसरला नाही?
— एक दूध उत्पादक, वाळवा (जि. सांगली)

उत्तर : हे खरे आहे, आणि त्यामागे अनेक वर्षांचे चिकाटीचे काम आहे. उत्तर रशियाच्या दलदलीच्या जंगलांत घोडा रुततो आणि त्याच्यासाठी गवत साठवावे लागते; मूस मात्र त्याच जंगलात वाढतो आणि तिथलेच खातो, मग त्यालाच माणसाळवावे, हा विचार सोव्हिएत प्राणिशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात मांडला. येवगेनी क्नोर्रे यांनी १९४९ मध्ये पेचोरा-इलिच अभयारण्यातील याक्शा या गावी मूसपालन केंद्र सुरू केले. पुढे १९६३ मध्ये कोस्त्रोमा शहराजवळ सुमारोकोवो येथे दुसरे केंद्र निघाले. तिथले दूध जवळच्या इव्हान सुसानिन आरोग्यधामात जठराच्या व्रणाच्या रुग्णांना दिले जात असे.

धार काढण्याची पद्धत आपल्याला विशेष रस वाटेल अशी आहे. मादी मे-जूनच्या सुमारास विते. व्याल्यानंतर काही तासांच्या आत पिल्लू तिच्यापासून दूर नेतात आणि बाटलीने दूध पाजून वाढवतात, म्हणजे ते माणसालाच आई मानू लागते. अशा रीतीने माणसाच्या हातावर वाढलेली मादी पुढे स्वतः व्याली, की तिच्या मायेचा ओढा धार काढणाऱ्या बाईकडे वळतो. ती त्या बाईला पिल्लासारखी चाटते, तिच्या हाताखाली पान्हा सोडते, दिवसभर जंगलात मोकळी चरते आणि धारेच्या वेळी आपल्या पायांनी परत येते. परत येण्यामागे शिजवलेल्या ओटच्या खुराकाचे आकर्षण असते, तसेच या मायेचेही असते. वासरू दगावल्यावर पान्हा चोरणारी गाय ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना यातली नाजूक बाब वेगळी सांगायला नको. या दुधात स्निग्धांश सुमारे १० टक्के, म्हणजे म्हशीच्या दुधापेक्षाही जास्त असतो. पण दिवसाला मिळते काही लिटरच, आणि थंडीच्या तोंडाशी मादी आटते. स्वीडनमधील बियुरहोल्म येथील एका कुटुंबाने या दुधाचे चीज करून विकले. दूध इतके थोडे, की ते जगातील अत्यंत महागड्या चीजमध्ये गणले गेले.

हा प्राणी सगळीकडे का पसरला नाही, याचे मुख्य कारण माझ्या मते त्याच्या पोटात आहे. मूस हे झाडपाला खाणारे जनावर आहे. विलो, अस्पेन, बर्च यांची पाने, कोवळ्या डहाळ्या आणि साल हा त्याचा आहार. कडब्यावर किंवा वाळल्या गवतावर त्याला पोसता येत नाही, कारण तसल्या वैरणीवर त्याचे पचन बिघडते. पूर्ण वाढलेल्या जनावराला उन्हाळ्यात रोज वीस-पंचवीस किलो ओला पाला लागतो, आणि तो गंजी रचून ठेवता येत नाही. त्यामुळे त्याला दावणीला बांधायचे तर माणसांनी रोज जंगल तोडून आणावे, आणि मोकळे सोडायचे तर एका ठिकाणी मोजकीच जनावरे ठेवावीत, एवढे दोनच मार्ग उरतात. कोस्त्रोमाच्या केंद्राला लाकूडतोडीतून उरलेल्या अस्पेनच्या शेंड्यांचा आधार होता.

दुसरे कारण त्याच्या राहणीत आहे. गाय, मेंढी, रेनडिअर ही कळपाने राहणारी जनावरे आहेत. पुढचे चालले की मागची चालतात, म्हणून एक धनगर शेकडो मेंढ्या नेऊ शकतो. मूस बहुतेक काळ एकटा फिरतो, त्यामुळे प्रत्येक जनावराशी माणसाला स्वतंत्र नाते जोडावे लागते. कोस्त्रोमाचे केंद्र मुळात मांसासाठी सुरू झाले होते, पण जी जनावरे विश्वासाने आपणहून परत येतात, त्यांच्यातील एखाद्याला तिथे कापले की बाकीची यायला बिचकतात. शिवाय हाताने दूध पाजून वाढवलेल्या जनावराच्या मांसाचा खर्च गोमांसाशी स्पर्धा करू शकत नव्हता. दुधाचा भाग तेवढा टिकला, आणि तो टिकला याचे मला मनापासून समाधान वाटते.

प्रश्न : आम्ही खिलार बैल सांभाळतो. मूसकडून बैलासारखे ओढकाम करून घेता आले का?
— एक शेतकरी, खटाव तालुका (जि. सातारा)

उत्तर : मर्यादित प्रमाणात आले. पेचोरा येथे शिकवलेले मूस पाठीवर सुमारे शंभर किलो ओझे नेत आणि बर्फावरची घसरगाडीही ओढत. लांब पाय आणि फाकणारे खूर यांमुळे घोडा अडतो अशा बर्फातून आणि चिखलातून ते सहज जात. परंतु उष्णता त्यांना अजिबात सोसत नाही. उन्हाळ्यात हवा १४ अंश सेल्सिअसच्या वर गेली, की त्यांच्या शरीरावर ताण येऊ लागतो आणि २० अंशांच्या आसपास ते धापा टाकू लागतात. साताऱ्यात ऐन थंडीतली पहाट जेवढी गार असते, तेवढ्यालाच त्यांचा त्रास सुरू होतो. शरद ऋतूत नर माजावर आले, की त्यांच्याजवळ जाणेही धोक्याचे असते. म्हणजे भरवशाचे काम हिवाळ्यापुरतेच उरले, आणि तेवढ्यात बर्फावर चालणारी यांत्रिक वाहने आली. भर उन्हात पुसेगावच्या बाजारापर्यंत चालत येणाऱ्या खिलाराच्या मागे कित्येक पिढ्यांची निवड आणि पैदास आहे. मूसच्या वाट्याला तेवढा काळ आलाच नाही.

प्रश्न : मग आपल्याकडचा सांबर किंवा गवा माणसाळवता येईल का?
— एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : एखादे जनावर माणसाळणे आणि एखादी जात पाळीव होणे यांत मोठे अंतर आहे. हत्ती हजारो वर्षे माणसाचे काम करत आला, पण त्यातले बहुतेक हत्ती जंगलातूनच धरून आणलेले असत, म्हणून त्याला आजही पूर्णपणे पाळीव जात म्हणता येत नाही. गव्याच्या बाबतीत उत्तर ईशान्य भारताकडे आहे. अरुणाचल, नागालँड, मणिपूर आणि मिझोराममधील मिथुन हा गव्यापासूनच पाळीव झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तोही जंगलात मोकळा चरतो, आणि मालक मीठ घेऊन गेला की त्याच्याजवळ येतो. जंगल हेच कुरण मानून केलेले असे पालन मूसपालनाच्या बरेच जवळचे आहे, फरक इतकाच की मिथुन कळपाने राहतो.

आपल्याकडे मात्र कोणीही असा प्रयोग करू नये. सांबर, गवा, भेकर या सर्वांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे आणि परवानगीशिवाय ते बाळगणे गुन्हा आहे. कोयना-चांदोलीच्या आसपासच्या गावांत शिवारात एकटे पडलेले पाडस पाहून कनवाळू माणसे ते घरी आणतात, म्हणून मुद्दाम लिहितो. पाडसाला गवतात दडवून मादी चरायला जाते आणि पाजण्यासाठी परत येते. ते टाकलेले असतेच असे नाही. त्याला हात न लावता तिथून दूर व्हावे, कुत्री लांब ठेवावीत, आणि ते जखमी असेल किंवा बराच वेळ मादी फिरकली नाही, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.