एकदा फ्लूक होऊन गेला म्हणून मेंढी पक्की होत नाही

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि २०१७ चा डिसेंबर डोळ्यांसमोर उभा राहिला. धान कापल्यावर बोडीच्या (शेतातल्या लहान तळ्याच्या) काठाला चराई, महिना-सव्वा महिन्यात धडधाकट मेंढ्या सकाळी वाड्यात मरून पडलेल्या, लेंड्यांच्या तपासणीत ‘अंडी आढळली नाहीत’, आणि शेवटी तुमचा प्रश्न : गेल्या वर्षी ज्यांना लिव्हर फ्लूक (यकृतात राहणारा चपटा किडा) होऊन बऱ्या झाल्या, त्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती आली असेल ना? त्यांनाच बोडीवर सोडतो, बाकीच्यांना टॉनिक देतो. अगदी हाच हिशेब मी केला होता. तुम्ही करू नका, एवढ्यासाठीच हे लांबलचक लिहितोय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. आमच्या घरी तीन पिढ्यांपासून मेंढरं आहेत, आणि मेंढ्या मेल्यानंतर जे शिकावं लागलं तेच इथे आहे. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. पाण्यातल्या शंखांत (गोगलगायींत) किडा कसा वाढतो, तिथून बाहेर पडून कवचबंद पिल्लांच्या पुट्या गवताला कशा चिकटतात आणि चरताना मेंढीच्या पोटात कशा जातात, हे तुम्हाला ठाऊक असणारच. ते सोडून देतो.

आमचा कळप तेव्हा बासष्टचा होता. २०१६ च्या हिवाळ्यात नऊ मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरलं, पापण्या आतून पांढऱ्याफटक. दोन गेल्या, सात औषधाने उभ्या राहिल्या आणि उन्हाळ्यापर्यंत चांगल्या भरल्या. माझ्या डोक्यात देवीचा हिशेब बसलेला. मेंढरांना देवी येऊन गेली की तीच मेंढी पुन्हा सहसा लागत नाही, पीपीआर या दुसऱ्या विषाणूच्या रोगाचंही तसंच, हे लहानपणापासून पाहिलेलं. मग फ्लूकचं वेगळं का असेल? पुढच्या नोव्हेंबरात बांध्या (धानाची खाचरं) मोकळ्या झाल्या तेव्हा मी कळपाचे दोन भाग केले. कोकरं आणि नव्या विकत घेतलेल्या मेंढ्या तुरीच्या धुऱ्याकडे ठेवल्या, कारण त्या ‘कच्च्या’. जुन्या, मुरलेल्या मेंढ्या बिनधास्त बोडीच्या ओल्या काठावर सोडल्या, आणि त्या सात तर सगळ्यांत पुढे. बाबा दोनदा म्हणाले की बोडीचं गवत नको. मी ऐकलं नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून संक्रांतीपर्यंत चौदा मेंढ्या गेल्या. त्यात त्या सातांपैकी पाच होत्या. ज्यांना कच्च्या समजून दूर ठेवलं होतं, त्यातली एकही गेली नाही. गेलेल्यांतली एक मेंढी मी स्वतःच्या हाताने बाटलीने दूध पाजून वाढवली होती. ती सकाळी चारा खात होती आणि दुपारी गेली. आजही धान कापणीला लागलं की ती आठवते.

असं का झालं, ते नंतर समजलं. देवीचा विषाणू एकदा शरीराने ओळखला की लढाई सोपी होते, पण फ्लूक हा जंतू नाही, अख्खा प्राणी आहे, आणि मेंढीच्या शरीराला गुंगारा देण्यात तरबेज आहे. पुटीतून बाहेर पडलेलं पिल्लू काही तासांत आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत येतं, आठवडाभरात काळजावर, म्हणजे यकृतावर (लिव्हरवर), पोहोचतं आणि पुढे कित्येक आठवडे काळीज कोरत फिरतं. मेंढीचं शरीर गप्प बसलेलं नसतं. दोन-चार आठवड्यांत रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भराभर वाढतात. अडचण अशी की किड्याच्या अंगावर साखरेच्या रेणूंचा एक गिलाफ असतो आणि तो किडा सतत टाकत राहतो. प्रतिपिंडं चिकटली की गिलाफासकट गळून पडतात. वर किडा कॅथेप्सिन नावाची पाचक द्रव्यं सोडतो आणि ती प्रतिपिंडांनाच तोडतात. पेशींनी विषारी ऑक्सिजनचा मारा केला तर तो निकामी करणारी द्रव्यंही त्याच्याकडे आहेत.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त खटकली. किडा मेंढीच्या प्रतिकारयंत्रणेची दिशाच बदलतो. सुरुवातीला मारायला निघालेलं शरीर हळूहळू शांत करणाऱ्या आणि जखम सांधणाऱ्या कामाकडे वळवलं जातं. म्हणून जुना फ्लूक असलेली मेंढी पाहायला ‘सोसतेय’ असं वाटतं, पण किडा आत आरामात असतो. गाय-बैलांत वारंवार लागण झाल्यावर थोडाफार प्रतिकार दिसतो. त्यांच्या पित्तनळ्या जाड होऊन चुनखडीसारख्या कडक होतात, किड्याला तिथे राहणं जड जातं. मेंढीत तसं होत नाही. मेंढीच्या पित्तनळीत फ्लूक दहा वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. वय वाढल्याने प्रतिकार येत नाही, आधी होऊन गेल्यानेही येत नाही. शेजारची गाय तगली म्हणून मेंढी तगेल, हा हिशेब डोक्यातून काढा.

कोणी म्हणेल, इंडोनेशियाच्या मेंढ्या तर टिकतात. खरं आहे. तिथली बारीक शेपटीची मेंढी फॅसिओला जायगँटिका या फ्लूकच्या जातीच्या पिल्लांना काळजात पोहोचण्याआधीच पोटाच्या पोकळीत मारते. तिच्या पेशी प्रतिपिंडांच्या मदतीने पिल्लाला चिकटतात आणि त्याच ऑक्सिजनच्या माऱ्याने संपवतात. आपल्याकडच्या सपाट मुलखात मुख्यतः हीच जायगँटिका असते, म्हणून ही माहिती वाचून मलाही आशा वाटली होती. पण थंड प्रदेशातल्या फॅसिओला हेपॅटिकापुढे तीच इंडोनेशियाची मेंढी हरते. म्हणजे एका जातीच्या मेंढीची एका जातीच्या किड्याविरुद्धची ही ताकद आहे, तीही जन्मजात. औषधाने बरी झालेल्या आपल्या काळ्या दख्खनी मेंढीला ती मिळत नाही. लसीचे प्रयोग बरीच वर्षं चाललेत, पण दुकानात जाऊन घ्यावी अशी फ्लूकची लस नाही. कोणी विकत असेल तर पैसे देऊ नका.

आता त्या तपासणीबद्दल. पहिल्या तीन मेंढ्या गेल्यावर मी लेंड्या घेऊन एका कार्यालयात गेलो. नाव घेत नाही. रिपोर्ट आला, अंडी नाहीत. मी म्हटलं, गेल्या वर्षी होता, लक्षणं तशीच वाटतात. उत्तर मिळालं, ‘अंडी नाहीत म्हणजे फ्लूक नाही, शिवाय गेल्या वर्षी होऊन गेलाय, आता काय होणार?’ लिव्हरच्या टॉनिकची चिठ्ठी हातात. आठ दिवसांनी आणखी चार गेल्या, पुन्हा लेंड्या नेल्या, पुन्हा तेच. मेलेली मेंढी उघडून पाहा म्हणून हात जोडले, तर आज गाडी नाही, उद्या साहेब नाहीत. एकोणीस दिवस असे गेले. त्या दिवसांचा राग अजून गेलेला नाही, कारण यात नवं काहीच नव्हतं. शंखातून मेंढीत येणारं हे चक्र इंग्लंडात थॉमस आणि जर्मनीत लॉइकार्ट यांनी १८८० च्या दशकातच उलगडलं होतं. किडा मोठा होऊन पित्तनळीत बसल्याशिवाय अंडी घालत नाही, आणि जायगँटिकाला त्याला तीन महिन्यांहून जास्त लागतात. माझ्या मेंढ्या सव्वा महिन्यात मरत होत्या. जुने किडे वर्षभरापूर्वी औषधाने मेलेले, नवे अजून पिल्लं. लेंडीत अंडी येणार कुठून?

शेवटी एका निवृत्त डॉक्टरांनी शेतातच एक मेंढी उघडली. पोटात लालसर पाणी, काळजावर काळ्या-लाल रेघांचं जाळं, जणू कोणी आतून दाभणाने कोरलंय. काळीज कापून पाण्यात पिळलं तर बारीक पिल्लं तरंगली. दहा मिनिटांत निदान झालं.

म्हणून पुढची मेंढी गेली तर पुरण्याआधी डॉक्टरांकडून काळीज पाहून घ्या. तालुक्याला जमत नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. पण एक काळजी नक्की घ्या : नाकातून किंवा गुदद्वारातून काळं, न गोठणारं रक्त आलं असेल तर तिला हात लावू नका, उघडू नका. ती फाशी (अँथ्रॅक्स रोग) असू शकते आणि माणसालाही लागते. रक्ताच्या प्रतिपिंड तपासणीबद्दल तुम्ही विचारलंय. ती लेंडीपेक्षा लवकर सांगते, हे चांगलं. पण औषधानंतरही प्रतिपिंडं कित्येक महिने रक्तात राहतात, तेव्हा पॉझिटिव्ह आलेली मेंढी ‘आता सुरक्षित’ असं वाचू नका. तिची किड्याशी गाठ पडली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

औषधात माझं मत ठाम आहे, तरी डॉक्टरांना विचारा. दुकानदार सरसकट अल्बेंडाझोल देतो. ते फक्त मोठ्या किड्यावर चालतं, आणि नुकत्याच गाभण राहिलेल्या मेंढीला दिलं तर पोटातल्या कोकरात व्यंग येऊ शकतं. ऑक्सिक्लोझानाइडही मोठ्यांसाठीच. आयव्हरमेक्टिन फ्लूकवर अजिबात चालत नाही, कितीही महाग असलं तरी. मेंढ्या आत्ता, कापणीनंतर सव्वा महिन्यात मरत असतील तर पिल्लांना मारणारं औषध लागतं, म्हणजे ट्रायक्लाबेंडाझोल. क्लोसँटेल थोड्या वाढलेल्या किड्यावर चांगलं, पण अंदाजाने जास्त पाजलं तर मेंढी आंधळी होते. वजनकाटा आणा, ‘अंदाजे तीस किलो’ चालणार नाही. आणि दरवर्षी तेच एक औषध देत राहू नका. ट्रायक्लाबेंडाझोलला न जुमानणारे किडे ऑस्ट्रेलियात १९९५ मध्येच सापडले होते.

टॉनिकचं म्हणाल तर त्याने किडा मरत नाही. त्या पैशात सरकीची ढेप आणि तुरीचं कुटार घ्या. प्रथिनं पोटात गेली तर मेंढीला रक्ताची झीज भरून काढता येते, सोसण्याची ताकद राहते. पण ती किड्याला हाकलण्याची ताकद नव्हे, हा फरक लक्षात असू द्या. ईटीची (आंत्रविषाराची) लस दिली आहे म्हणून अचानक मरण फ्लूकचं नसेल, असंही समजू नका. पिल्लांनी कोरलेल्या काळजात क्लॉस्ट्रिडियम नावाचे सुप्त जंतू जागे होतात आणि मेंढी अचानक जाते. त्याची लस वेगळी असते.

चराईबद्दल. दव सुकल्यावर सोडा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. गोल कृमींसाठी तो ठीक आहे, फ्लूकसाठी नाही. पुटी गवताला घट्ट चिकटलेली असते, दव सुकलं तरी तिथेच राहते. खरा धोका आहे बोडीचं पाणी जसजसं मागे हटतं तसतशा उघड्या पडणाऱ्या हिरव्या पट्ट्यात, म्हणजे कार्तिकापासून होळीपर्यंत. तिथे काट्यांचं कुंपण घाला, पाणी हौदात आणून पाजा. धानाच्या ताटाचा बुडखा पाण्यात असतो, पुट्या तिथेच जास्त. ओल्या बांधीतला ताजा बुडखा मेंढ्यांना देऊ नका. वरचा तणीस कडक उन्हात वाळवून काही महिने ठेवलेला चालतो. शंख मारायला बोडीत मोरचूद टाकायचा विचार कोणी सुचवला तर साफ नाही म्हणा. तांब्याचं विष मेंढीला सगळ्या जनावरांत लवकर लागतं, आणि बोडीतली मासोळी ढिवर (मासेमार) बांधवांचं पोट आहे. आमच्याकडे काठावर बदकं सोडली आहेत, शंख खातात. एक घरचं सांगणं : त्याच बोडीतले कच्चे शिंगाडे पोरांना दातांनी सोलू देऊ नका. पाण्यातल्या वनस्पतींवर बसलेली पुटी माणसाच्या पोटातही जाते.

आज रात्रीच जुन्या आणि नव्या, सगळ्या मेंढ्या बोडीवरून हलवा. गेल्या वर्षी बऱ्या झालेल्या किती आहेत आणि चराई कोणत्या तारखेला सुरू झाली, ते लिहा. त्यावरून किड्याचं वय किती असेल आणि कोणतं औषध कधी पुन्हा द्यावं लागेल याचा हिशेब डॉक्टरांसमोर मांडता येईल. आमची तेव्हाची वही माझ्याकडे अजून आहे, तारखा जुळवून सांगतो.