स्क्रीनशिवायचा संगणक मंचावर नेताना

प्रश्न : मी व्हायोलिन वाजवतो आणि ‘प्युअर डेटा’ या ध्वनिप्रक्रियेच्या प्रोग्रॅममध्ये तयार केलेले इफेक्ट कार्यक्रमात लॅपटॉपवरून वापरतो. त्याऐवजी स्क्रीन व कीबोर्ड नसलेला ‘रास्पबेरी पाय ४’ हा छोटा संगणक आणि (आवाज संगणकात आत-बाहेर नेणारा) यूएसबी ऑडिओ इंटरफेस वापरायचा विचार आहे. घरी आवाजात मधूनच ‘टक्‌टक्’ येते. शिवाय, कार्यक्रमात वीज गेली तर काय, अशी धास्ती वाटते.

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे आणि माझ्या मते टकटकीपेक्षा तिचाच विचार आधी व्हायला हवा. अचानक वीज गेली आणि त्याच क्षणी मेमरी कार्डवर काही लिहिले जात असेल, तर फाइल खराब होऊन संगणक पुढे सुरूच न होण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणजे सगळी जुळवाजुळव पूर्ण झाल्यावर ‘रास्पी-कॉन्फिग’ या सेटिंगच्या साधनातून ‘ओव्हरले फाइल सिस्टीम’ ही सोय सुरू करावी. मग बदल केवळ रॅममध्ये राहतात आणि कार्ड जसेच्या तसे राहते. मात्र पॅचमध्ये (म्हणजे ‘प्युअर डेटा’त केलेल्या आपल्या प्रोग्रॅममध्ये) दुरुस्ती करण्यापूर्वी ही सोय बंद करायला विसरू नये, नाहीतर केलेले काम वीज बंद होताच पुसले जाईल.

वीज परत आल्यावर सगळे आपोआप सुरू व्हावे यासाठी पॅच खिडकी न उघडता चालवणारी ‘सिस्टमडी’ (लिनक्समध्ये प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारी यंत्रणा) सेवा तयार करावी आणि प्रोग्रॅम बंद पडल्यास तो पुन्हा सुरू करण्याची सूचनाही तिच्यात द्यावी. ‘जॅक’ हा आवाजाची ने-आण सांभाळणारा प्रोग्रॅम वापरत असाल, तर इंटरफेसचा उल्लेख क्रमांकाने न करता नावानेच करावा, कारण एचडीएमआयचा आवाजही कार्ड म्हणूनच मोजला जातो आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर क्रमांक बदलू शकतात.

आता टकटकीविषयी. बफर म्हणजे आवाजाचा तात्पुरता साठा; तो लहान असला की प्रोसेसरला वेळ पुरत नाही आणि टकटक येते, मोठा केला की उशीर वाढतो. ४८,००० सॅम्पल-दराला १२८ फ्रेमचे दोन बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा उशीर, २५६ फ्रेम केल्यास १०.७. व्हायोलिनचा मूळ स्वर आपल्याला थेट कानाशीच ऐकू येतो, त्यामुळे रिव्हर्बसारख्या (घुमणाऱ्या आवाजाच्या) इफेक्टला एवढा उशीर सहज चालतो. तेव्हा २५६ निःशंकपणे ठेवावे. प्रोसेसरचा वेग ‘परफॉर्मन्स’वर स्थिर करावा, वापरात नसल्यास वाय-फाय बंद करावे आणि ५ व्होल्ट, ३ अँपिअरचाच अ‍ॅडॉप्टर घ्यावा. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ या आज्ञेचे उत्तर शून्याखेरीज काही आले, तर बहुधा वीज अपुरी पडते आहे किंवा चिप तापते आहे.

कार्यक्रमापूर्वी घरी वाजवता वाजवताच प्लग काढून पुन्हा लावावा आणि कशालाही हात न लावता आवाज परत येतो का, हे पाहावे. तयार कार्डाची एक प्रत व्हायोलिनच्या पेटीत ठेवावी.