वाचक विचारतात : त्रिविक्रम यांचे चित्रपट कुठून पाहावेत?

प्रश्न : 'अला वैकुंठपुरमुलू' हिंदीत पाहिला, आवडला. त्रिविक्रम श्रीनिवास यांचे बाकीचे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत? (नाशिक)

उत्तर : त्यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटांपासून सुरुवात करू नका. तेलुगू दिग्दर्शक त्रिविक्रम आधी लेखक. आंध्रातल्या भीमावरमचे, अणुभौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेले, पोसानी कृष्ण मुरली यांच्या हाताखाली लेखनाची उमेदवारी केली. १९९९च्या 'स्वयंवरम्'पासून दिग्दर्शक के. विजय भास्कर यांच्याशी जोडी जमली. 'नुव्वे कावाली' (२०००), 'नुव्वु नाकु नच्चाव' (२००१) आणि सोनाली बेंद्रे असलेला 'मन्मधुडु' (२००२) हे त्याच जोडीचे. यातला 'नुव्वे कावाली' मूळ मल्याळम 'निरम'वरून घेतलेला. त्याचाच हिंदी अवतार तुम्ही बहुधा पाहिलाय : 'तुझे मेरी कसम' (२००३), रितेश-जेनेलियाचा पहिला चित्रपट.

आधी 'नुव्वु नाकु नच्चाव' पाहा. मग 'अतडु' (२००५), 'अत्तारिंटिकी दारेदी' (२०१३), 'अरविंद समेत वीर राघव' (२०१८). 'खलेजा' (२०१०) शेवटी ठेवा. थिएटरात आपटला, टीव्हीवर डोक्यावर घेतला गेला आणि २०२५मध्ये पुन्हा पडद्यावर आला.

प्रश्न : मी पटकथालेखन शिकतोय. त्यांच्याकडून नेमकं काय उचलावं? (पुणे)

उत्तर : टाळ्यांची वाक्यं उचलू नका. नवशिके नेमकं तेच करतात आणि प्रसंग पोकळ होतो. उचलायची ती माहितीची वाटणी.

त्यांचा आवडता साचा एकच : परका माणूस मोठ्या घरात शिरतो. 'अतडु'त भाडोत्री मारेकरी नंदू पोलिसांपासून पळताना रेल्वेत पार्थूला भेटतो; पोलिसांच्या गोळीने पार्थू मरतो आणि नंदू पार्थू बनून त्याच्या गावच्या घरी जातो. चित्रपट एकदा न थांबता पाहा. दुसऱ्यांदा कागदावर तीन रकाने आखा : प्रेक्षकाला काय ठाऊक, घरच्यांना काय ठाऊक, सीबीआय अधिकाऱ्याला काय ठाऊक. प्रसंग बदलला की तिन्ही रकाने भरा. पहिला रकाना घरच्यांच्या रकान्याच्या कायम पुढे राहतो. म्हणून तिथला साधा थट्टामस्करीचा प्रसंगही ताणलेला असतो.

मग हेच 'अत्तारिंटिकी दारेदी'वर करा. नायक ड्रायव्हर बनून रुसलेल्या आत्याच्या घरी जातो. इथे मध्यंतरालाच कळतं की आत्याने त्याला केव्हाच ओळखलंय. गुपित अर्ध्यावर संपलं, पुढे काय? तर एक गोष्ट त्यांनी प्रेक्षकापासूनही लपवून ठेवलेली असते : आत्या घर सोडून गेली त्या दिवशी नायकाच्या आईचा मृत्यू कसा झाला. ती बाहेर येते थेट रेल्वे स्टेशनवरच्या प्रसंगात. तो प्रसंग जवळजवळ नुसत्या बोलण्यावर उभा आहे, तरी पकड सुटत नाही.

'अज्ञातवासी' (२०१८) आणि 'गुंटूर कारम' (२०२४) का फसले, तेही याच रकान्यांत दिसेल. घर आहे, गुपित आहे. पण ते फुटलं तर कुणाचं काय जाणार, हेच पक्कं नाही. मग संवाद कितीही चटपटीत असोत! 'अज्ञातवासी'चं फ्रेंच 'लार्गो विंच'शी साम्य हा आणखी वेगळा डाग.

प्रश्न : 'अ आ' (२०१६) उसना आहे म्हणतात, खरं का? (ठाणे)

उत्तर : मूळ यद्दनपूडी सुलोचना राणी यांची 'मीना' ही कादंबरी, तिच्यावर १९७३मध्ये चित्रपट आला होता. प्रदर्शनाच्या वेळी लेखिकेला श्रेय न दिल्याने टीका झाली, आणि ती रास्तच होती.

प्रश्न : हिंदी डब की सबटायटल? (सोलापूर)

उत्तर : मूळ तेलुगू आवाज, खाली सबटायटल. डबिंगचं वाक्य ओठांच्या हालचालीत बसवावं लागतं. त्यात वाक्याशेवटचं यमक आणि बोलीचा फरक आधी कापला जातो. 'अरविंद समेत'मधली आंध्रातल्या रायलसीमा भागाची बोली हिंदीत उरतच नाही. इंग्रजी सबटायटलचीही एक खोड : तेलुगूत मराठीसारखंच क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत आधी. त्यामुळे विनोद कानाआधी डोळ्याला कळतो. चांगला प्रसंग दुसऱ्यांदा सबटायटल बंद करून ऐका. घरीदारी तेलुगू ऐकणाऱ्या सोलापूरकरांना हे जड जाऊ नये.

प्रश्न : 'भीमला नायक' (२०२२) त्यांचाच ना? (कोल्हापूर)

उत्तर : पटकथा-संवाद त्यांचे, दिग्दर्शन सागर के. चंद्र यांचं. श्रेयनामावलीत 'माटलु' म्हणजे संवाद, 'दर्शकत्वम्' म्हणजे दिग्दर्शन. 'तीन मार' (२०११) आणि 'ब्रो' (२०२३) यांतही ते लेखकच आहेत.