रॉडचं टोक दिसत नाही? आधी उजेड कुठून येतोय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मासे गरवायचा दहा फुटी काळा रॉड, सूर्य कलला की टोक दिसेनासं होतं, लाल रेडियम चिकटवूनही फरक पडला नाही, आणि गेल्या आठवड्यात मासा आमिष घेऊन गेला तेव्हा तुम्हाला पत्ताच लागला नाही. मी वीसेक वर्षं खाडीवर आणि खडपावर गरवतोय. या एका गोष्टीपायी भरपूर प्रयोग केलेत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

रंग विकत आणण्याआधी एक काम करा. उद्या नेहमीच्या जागेवर बसा आणि टोकाच्या मागे काय येतं ते बघा. आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी गळ टाकून बसलो की सूर्य समोर असतो आणि टोकाची आपल्याकडची बाजू सावलीत. तिथे लाल लावा, पोपटी लावा, झगझगीत केशरी लावा, उजळ आभाळापुढे सगळं काळंच दिसणार. मी पहिली दोन वर्षं रंगच बदलत राहिलो, आणि मग एका संध्याकाळी होल्डर वाळूत जरा आडवा रोवला गेला. टोक आभाळातून खाली उतरून समोरच्या काठावरच्या तिवरांच्या काळ्या पट्ट्यावर आलं आणि तोच जुना रंग लखलखीत दिसायला लागला. रंग तोच, रॉड तोच, मागची पार्श्वभूमी तेवढी बदलली होती.

तेव्हा रॉड आडवा करता येतो का ते आधी बघा. पुळणीवर लाटांमुळे लाइन उंच ठेवावी लागते, तिथे हे जमत नाही. पण खाडीत जमतं. खाडीत तर काठसुद्धा निवडता येतो: पश्चिमेच्या काठावर पूर्वेकडे तोंड करून बसलात तर मावळतीचा उजेड तुमच्या पाठीवरून थेट टोकावर पडतो. आभाळापुढे टोक ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल तर रंगाचा नाद सोडा आणि टोक जाड करा. टोकाच्या रिंगखाली (लाइन ओवायची कडी) बोटाच्या पेराएवढ्या लांबीत काळी टेप दोन-तीन वेढे गुंडाळली तरी आकृती ठसठशीत होते.

आता लाल रंगाबद्दल. अंगणात जास्वंद असेल तर दिवेलागणीला तिच्याकडे बघा. दुपारी पानांपेक्षा फूल उठून दिसतं. अंधारायला लागलं की फूल काळपट होतं आणि पानं मात्र अजून फिकी दिसत राहतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी दोनशे वर्षांपूर्वी हे टिपून ठेवलं. दिवसा आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पोपटी-पिवळ्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो. अंधारात हे शिखर ५०७ च्या आसपास, निळसर हिरव्याकडे सरकतं. लाल दोन्हींपासून लांब, आणि अंधारात तर फारच लांब. म्हणून भर दिवसा लाल-केशरी उत्तम, पण दिवेलागणीला पांढरा आणि पोपटी-पिवळाच टिकतो.

रंगवायचं असेल तर वरचा फूटभर पुरे. ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फक्त वरची चकाकी जाईपर्यंत फिरवा. कार्बनचे धागे दिसायला लागले तर जास्त झालं, टोक तिथेच मोडेल. रिंगांवर टेप लावून घ्या. आधी पांढऱ्याचे दोन पातळ हात द्यायचे, ते वाळले की त्यावर फ्लोरोसंट. हा पांढरा हात बहुतेक जण गाळतात आणि मग रंग मळका दिसतो म्हणून रंगालाच दोष देतात. फ्लोरोसंट रंग अर्धपारदर्शक असतो, खालचा काळा ब्लँक, म्हणजे रॉडची मूळ काठी, त्यातून डोकावतो. नेलपॉलिशही चालतं, पण तिथेही पांढरं आधी. आणि सलग रंगवू नका. टोकाला पांढरा, मग बोटभर काळं सोडून पोपटी, असे पट्टे ठेवा. हलणारा पट्टा डोळ्याच्या कोपऱ्यातूनही जाणवतो.

तुमचं रेडियम का चाललं नाही? दुकानात या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक ट्रकच्या मागे असते ती, उजेड आला त्याच दिशेला परत पाठवणारी. ती हेडलॅम्प कपाळावर असेल तरच चमकते. दिवा बंद, की ती साधी चिकटपट्टी. दुसरी उजेड पिऊन अंधारात मंद हिरवी चमकणारी. घेताना तुकडा मोबाइलच्या टॉर्चखाली धरा, मग मुठीत झाकून आत बघा, लगेच कळतं. पहिली पट्टी वाईट नाही, पण दर दोन मिनिटांनी हेडलॅम्प मारलात तर डोळे अंधाराला सरावणारच नाहीत. त्यांना पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती कमाई जाते. आमिष लावायला लाल दिवा वापरा.

पूर्ण अंधारात टोकावर स्वतःचा उजेड हवाच. वाकवून मोडायच्या रासायनिक कांड्या स्वस्त आणि हलक्या असतात, काही तास पुरतात. वापरून झाल्या की खिशात टाकून घरी आणा. ओहोटीला आमच्या धक्क्याखाली चिखलात रुतलेल्या डझनावारी कांड्या दिसतात, बघून फार वाईट वाटतं. बारीक सेलवर चालणारे एलईडी दिवे पुन्हा पुन्हा वापरता येतात, पण खारं पाणी आत गेलं तर संपले. मी घेतलेल्या पहिल्या जोडीतले दोन्ही पहिल्याच रात्री विझले, तेव्हा घरी बादलीत बुडवून तपासा मगच न्या. दिवा हलकाच निवडा, टोकावर वजन वाढलं की टोक सुस्त होतं आणि बारीक टिचकी त्यात हरवते. बांधायचा तो रिंगांच्या विरुद्ध बाजूला, टेपची कड नीट दाबून. नाहीतर गळ फेकताना ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, त्यात अडकते.

आणि दिवा एक लावू नका, दोन लावा. यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. काळ्याकुट्ट अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावून बघितलं की तो हलल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात स्थिर असला तरी. अमावास्येच्या एका रात्री मी मासा लागला समजून असे पाच-सहा झटके मारले, रिकाम्या गळावर. दुसरा दिवा टोकापासून दीड-दोन फूट खाली लावला की दोन ठिपक्यांतला कोन दिसतो, म्हणजेच रॉडचा बाक दिसतो. मासा आमिष घेऊन आपल्याच दिशेने पोहत आला तर टोक ओढलं जात नाही, उलट बाक सुटून सरळ होतं. हा घास एका दिव्यावर हमखास निसटतो, आणि मला वाटतं तुमचा मासा असाच गेला असावा. दुसरा दिवा नसेल तर वरचा ठिपका समोरच्या काठावरच्या एखाद्या दिव्याच्या रेषेत आणून बसा. इंग्लंडात नदीवर गरवणारे दिवसा टोकामागे रेघा मारलेली काळी फळी उभी करतात, तत्त्व तेच.

बघताना नजर थेट ठिपक्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवा, अंधारात डोळ्याची कड मध्यापेक्षा जास्त टिपते.

एवढं करूनही वाऱ्याच्या रात्री टोक सारखं नाचतं, तेव्हा मी रॉड मांडीवर घेतो आणि रीलच्या पुढची लाइन तर्जनीवर ठेवतो. माझे मामा आयुष्यभर हातगळावर गरवले. बोटावर लाइन, डोळे मिटलेले, आणि शिंगाळा मासा आहे की खेकडा आमिष कुरतडतोय हे ते गरी वर यायच्या आधीच सांगायचे.

रंग वाळला की टोकाच्या रिंगमधून कापसाचा बोळा एकदा ओढून बघा. धागा अडकला तर आत रंगाचा थेंब सुकलाय. तो नखाने काढा, नाहीतर ब्रेड तिथेच कापली जाईल.