वाचकांचे प्रश्न : काचबिंदू, ऊन आणि अंधारी खोली

प्रश्न : वय ६३. चार वर्षांपासून काचबिंदू आहे, ड्रॉप नियमित घालतो. डोळ्यांचं प्रेशर १५ च्या आसपास असतं, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. तरी दुपारी बाहेरून येऊन कूलरच्या खोलीत शिरलो की चार-पाच मिनिटं धड काही दिसत नाही. परवा दिवाणाच्या पायाला ठेचाळलो. घरचे म्हणतात, उन्हातून आल्यावर सगळ्यांनाच असं होतं. खरं काय?
(मानेवाडा)

उत्तर : होतं सगळ्यांनाच, पण इतका वेळ नाही. मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला निरोगी डोळ्यातही २० ते ३० मिनिटं लागतात. तरीही खाट कुठे, दार कुठे एवढं निरोगी माणसाला थोड्याच वेळात कळायला लागतं. तुमचं घोडं अडतं ते पुढच्या टप्प्यावर. डोळ्याच्या पडद्यावरचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या नसेत साधारण १० ते १२ लाख तंतू असतात आणि काचबिंदूत ते हळूहळू मरतात. भर उजेडात उरलेले तंतू काम भागवून नेतात. उजेड कमी झाला की मुळात संदेशच दुबळा असतो, त्यात तो नेणारेही कमी.

शिवाय बाहुली किती उघडायची आणि किती मिटायची, हे ठरवायला मदत करणाऱ्या पेशीही याच तंतूंच्या गोतावळ्यातल्या. त्या कमी झाल्या की बाहुलीचा प्रतिसाद मंदावतो. म्हणून उलट दिशेनेही, म्हणजे खोलीतून उन्हात जाताना, डोळे नको तितके दिपतात.

तक्त्याचा भ्रम धरू नका. पांढऱ्यावर काळी अक्षरं, तीही लख्ख उजेडात आणि नजरेच्या अगदी मध्यावर! काचबिंदू बहुतेकदा मध्य शेवटपर्यंत राखतो आणि कडा आधी खातो. राखाडी फरशीवरचा तपकिरी दिवाणाचा पाय मात्र कडेला असतो, मंद उजेडात असतो आणि रंगाने फरशीत मिसळलेला असतो. तुमची तक्रार तक्त्यावर दिसणार नाही. ती फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेच्या कडेपर्यंत किती दिसतं हे पाहणाऱ्या तपासणीत दिसेल. मागची टेस्ट होऊन वर्ष झालं असेल तर पुन्हा करून घ्या, आणि डॉक्टरांना 'कमी दिसतं' असं मोघम सांगू नका. 'उन्हातून आत आल्यावर इतकी मिनिटं दिसत नाही' असं घड्याळ लावून सांगा.

घरात काय करता येईल? आपल्याकडे नागपुरात एप्रिल-मे म्हणजे खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलरला खस. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत तळघर. ही दरी एका पावलात ओलांडू नका. बाहेर असेपर्यंत गॉगल आणि टोपी ठेवा, व्हरांड्यात किंवा जिन्याच्या सावलीत आल्यावर गॉगल काढा, तिथे दोन-तीन मिनिटं थांबा, चपला काढा, पाणी प्या, मग आत जा. दारातून आत येताच जो कोपरा लागतो तिथे ९ वॅटचा एलईडी बल्ब दुपारभर चालू ठेवा. रोज आठ तास जळला तरी १४ दिवसांत एक युनिट होतं, बिलाची काळजी नको. दिवाणावर कडेपर्यंत लोंबणारी, फरशीहून वेगळ्या रंगाची चादर घाला. पायऱ्यांच्या कडेला दोन इंची पट्टी चिकटवा, फिक्या फरशीवर काळी आणि काळ्या ग्रॅनाइटवर पिवळी. रात्री संडास-बाथरूमच्या वाटेवर गुडघ्याच्या उंचीवर छोटा सेन्सरचा दिवा लावा. झोपेतून उठून एकदम ट्यूबलाइट लावली की पुढची काही मिनिटं पुन्हा तीच रड.

एवढं करूनही त्रास कमी झाला नाही तर दोन गोष्टी पाहा. ड्रॉपच्या बाटलीवर 'पायलोकार्पिन' लिहिलंय का? ते बाहुली बारीक करतं, त्यामुळे अंधारात आणखी कमी दिसतं. आता ते क्वचितच देतात, पण जुन्या चिठ्ठीवर चालू असू शकतं. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. दुसरी गोष्ट मोतीबिंदू. या वयात तो काचबिंदूच्या जोडीला बऱ्याचदा असतो, आणि दिपण्याचा बराचसा भाग त्याचाच निघतो. हा भाग ऑपरेशनने सुटतो. नसेचं गेलेलं मात्र परत येत नाही.

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे आहेत, दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. रोज स्कूटरने इतवारीला जातात आणि दिवेलागणीला वर्धा रोडने परत येतात. आम्ही बंद करा म्हणतो तर चिडतात. गाडी चालवू द्यावी का?
(खामला)

उत्तर : 'दोन्ही डोळ्यांना' हा तुमच्या प्रश्नातला महत्त्वाचा शब्द. एका डोळ्याचं दिसण्याचं क्षेत्र गेलं तर दुसरा बरंचसं भरून काढतो. दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूचा भाग गेला असेल तर तिथून येणारी सायकल, गाय किंवा माणूस त्यांना दिसतच नाही. तिथे काळा डाग दिसत नसतो. मेंदू आजूबाजूच्या रस्त्याने ती जागा लिंपून टाकतो. म्हणून बाबा खरंच सांगतात की मला सगळं दिसतं. चिडणं त्यामुळेच. दोन्ही डोळ्यांची फील्ड टेस्ट शेजारी ठेवून डॉक्टरांकडूनच त्यांना दाखवून घ्या. घरच्यांनी बोलण्यापेक्षा छापील कागद जास्त ऐकला जातो.

वर्धा रोडला वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली हमरस्ता. खालून जाताना खांबाची सावली, उन्हाची तिरीप, पुन्हा सावली असं सारखं चालतं. संध्याकाळी त्यात समोरच्यांचे हाय बीम. अशा डोळ्यांना प्रत्येक झोतानंतर सावरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात गाडी बरीच पुढे गेलेली असते.

आमचं मत स्पष्ट आहे. क्षेत्र दोन्ही डोळ्यांत कमी असेल तर दिवेलागणीनंतर स्कूटर नाहीच, मेट्रो किंवा ऑटो. दिवसा डॉक्टरांनी परवानगी दिली तरच, ओळखीच्या रस्त्याने. हेल्मेटची काच ओरखडलेली असेल तर बदला, कारण प्रत्येक ओरखड्यावर उजेड फुटतो. काळी काच संध्याकाळी नको. आणि तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील त्या दिवशी कोणीतरी सोबत न्या, त्यांचा असर काही तास राहतो.

प्रश्न : काचबिंदूला कोणता गॉगल? चष्मेवाला उन्हात आपोआप काळी होणारी काच घ्या म्हणतो.
(सदर)

उत्तर : तुमच्यासाठी ती काच गैरसोयीची. घरात आल्यावर ती पूर्ण पांढरी व्हायला काही मिनिटं घेते, म्हणजे नेमकी तुम्हाला उजेड हवा असताना ती काळी. कडक उष्म्यात ती थंडीच्या मानाने कमी काळी होते, आणि कारमध्ये समोरची काच अतिनील किरणं अडवत असल्याने जवळपास होतच नाही. नागपूरच्या मे महिन्यात यातलं काय उपयोगाचं, तुम्हीच ठरवा.

नंबरच्या चष्म्यावरून घालता येईल असा, बाजूने झाकणारा, राखाडी किंवा तपकिरी गॉगल घ्या आणि सावलीत आलं की काढा. दुकानात 'कॅटेगरी' विचारा. ३ म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत येतो, भर दुपारी हे पुरे. ४ नंबरचा गॉगल घालून गाडी चालवायची नसते. पोलराइज्ड काचेने डांबरावरची चमक जाते, पण काही मोबाइलचे पडदे काळे दिसतात, तेव्हा घाबरू नका. रात्रीसाठी पिवळे चष्मे विकतात ते घेऊ नका. आधीच कमी असलेला उजेड ते आणखी कापतात.

प्रश्न : आईला (वय ५८) सिनेमागृहात किंवा लाइट गेल्यावर अंधारात बसलं की एका डोळ्यात आणि कपाळात दुखतं, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. झोपून उठल्यावर बरं वाटतं. डॉक्टरांनी 'कोन अरुंद आहे, लेझरने भोक पाडू' असं सांगितलं. बरं वाटतंय तर थांबावं का?
(महाल)

उत्तर : थांबू नका. वरच्या प्रश्नांतला काचबिंदू गुपचूप वाढणारा, हा वेगळा. डोळ्यातलं पाणी बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातून निथळतं. आईचा हा कोपरा चिंचोळा आहे. अंधारात बाहुली मोठी होते, बुबुळाची कड त्या कोपऱ्यात दाटते आणि निचरा तुंबतो. दाब वाढला की डोळ्याची पुढची काच सुजते, त्याचीच ती रंगीत कडी. झोपेत बाहुली बारीक होते, म्हणून उठल्यावर बरं. एखाद दिवशी निचरा सुटलाच नाही, तर काही तासांत नजर कायमची जाऊ शकते.

लेझरने बुबुळात केसाएवढं भोक पाडतात. थेंबांनी डोळा बधिर करून काही मिनिटांत होतं, त्याच दिवशी घरी जाता येतं. थोडा वेळ बसवून घेऊन दाब पुन्हा मोजतात, तेवढं थांबा. काहींना नंतर उजेडाची बारीक रेघ दिसते. ती बहुधा त्रासाची नसते, पण सांगून ठेवलेलं बरं. लेझर होईपर्यंत सर्दीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यातल्या काहींनी बाहुली मोठी होते. डोळा लाल, जोराचं डोकं आणि उलटी, असं एकत्र झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मेयो किंवा मेडिकलची कॅज्युअल्टी गाठा. ही दोन्ही नागपूरची सरकारी हॉस्पिटलं; मेडिकल म्हणजे इथे औषधाचं दुकान नव्हे. दुकानात 'डोळा लाल झालाय' एवढं सांगून मिळणारा थेंब स्टेरॉइडचा निघाला, तर दाब आणखी वाढायचा.

प्रश्न : काचबिंदूचे ड्रॉप मेमध्ये कुठे ठेवायचे?
(गोधनी)

उत्तर : बाटलीवर तापमान लिहिलेलं असतं, ते पाळा. लॅटॅनोप्रोस्ट या ड्रॉपची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायची असते. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालते, पण आपल्याकडे तेव्हा खोलीतच ३५ असतं, म्हणून तेव्हाही फ्रिजच्या दारातच ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. स्कूटरच्या डिक्कीत तर अजिबात नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा, चार आठवड्यांनी नवी काढा. एकाच वेळी एक थेंब पुरे, दुसरा गालावरच ओघळतो. थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. दुसऱ्या औषधाचा थेंब पाच मिनिटांनी.