‘अजून नको’ म्हणणारी मुलगी

प्रश्न : माझी मुलगी बारावी झाली असून भौतिकशास्त्र आणि गणितात तिचे गुण उत्तम आहेत. तिने वैमानिक व्हावे म्हणून मी प्रशिक्षण संस्थेत प्रवेशाचे पैसे भरले. मात्र खराब हवामानात एक छोटे चार्टर, म्हणजे भाड्याने घेतलेले, विमान कोसळल्याची बातमी आल्यापासून ती ‘अजून नको’ म्हणते आणि वहीत हवामानाच्या कसल्यातरी नोंदी करत बसते. या भित्र्या मुलीची समजूत कशी काढावी? परवाना मिळाल्यावर तिने चार्टर कंपनीत जावे की मोठ्या विमान कंपनीत?

उत्तर : तुमचे पत्र वाचताना मी ‘भित्र्या’ या शब्दापाशी अडले. निर्णय तुम्ही घेतला, पैसे तुम्ही भरले, आणि तिने प्रथमच स्वतःचे मत मांडले तेव्हा तुम्ही तिची समजूत काढण्याचा उपाय विचारता आहात. ती वही तुम्ही एकदाही उघडून पाहिलेली दिसत नाही. माझा अंदाज असा की, दृश्यमानता किती होती, ढगांचा तळ किती फुटांवर होता, तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते) यांत किती अंतर उरले होते, हे ती लिहीत असेल. शेवटचे दोन आकडे जवळ येऊ लागले की धुक्याची शक्यता वाढते. उड्डाणापूर्वी वैमानिक हेच पाहतो.

वैमानिकाला धाडस लागते, हा समज पालकांच्या मनात फार खोल रुजलेला आहे आणि तो घातक आहे. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी मध्यरात्रीनंतर अमेरिकेतील आयोवा राज्यात, हलका बर्फ पडत असताना, गायक बडी हॉली आणि त्यांच्या दोन सहगायकांना घेऊन एक छोटे भाड्याचे बोनान्झा विमान उडाले आणि काही मिनिटांतच कोसळले, चौघेही गेले. वैमानिक २१ वर्षांचा होता. केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याची पात्रता त्याच्याकडे नव्हती, हवामानाचे महत्त्वाचे इशारे त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते, आणि विमानाचे नाक वर आहे की खाली हे दाखवण्याची त्या विमानातील उपकरणाची रीत तो ज्यावर शिकला होता त्याच्या उलट होती. धाडस त्याच्याकडे होतेच. क्षितिज दिसेनासे झाले की कानातील तोल सांभाळणारी यंत्रणाच माणसाला फसवते. विमान एकाच गतीने वळत राहिले तर थोड्याच वेळात आपण सरळ जात आहोत असे वाटू लागते. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांची चाचणी घेतली, तेव्हा ढगांत शिरल्यासारख्या स्थितीत विमानावरचा ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटेसुद्धा नाहीत.

अनुभवाने हा धोका संपतो, असेही समजू नका. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांच्यासह नऊ जण ज्या भाड्याच्या हेलिकॉप्टरमध्ये मरण पावले, त्याचा वैमानिक चांगला अनुभवी होता. ढगांत शिरल्यावर आपण वर चढत आहोत असे तो जमिनीवरील हवाई वाहतूक नियंत्रकाला सांगत होता, तेव्हा हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली येत होते. प्रवाशांनी किंवा कंपनीने त्याच्यावर दबाव आणल्याचा पुरावा तपासात मिळाला नाही. ठरलेला प्रवास पुरा करण्याचा दबाव त्याने बहुधा स्वतःच स्वतःवर आणला होता, असे तपास यंत्रणेने नोंदवले. समोरच्याला निराश करायचे नाही, ही सवय माणसाला कुठून लागते, याचा विचार तुम्ही वडील म्हणून करावा, असे मला कळकळीने वाटते. ‘पैसे भरले आहेत, आता माघार नाही’ हे वाक्य तिने आज घरात मुकाट्याने ऐकले, तर उद्या मागच्या आसनावर बसलेल्या घाईच्या प्रवाशाला ‘आज उड्डाण होणार नाही’ असे ती कोणत्या बळावर सांगेल?

परवान्याची वाट सर्वांना ठाऊक आहे : वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, ठरावीक उड्डाणतास, व्यावसायिक परवाना आणि त्यावर इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे उपकरणांवर विसंबून उडण्याची पात्रता. चार्टर की मोठी कंपनी, याचे उत्तर मी आज तुम्हाला देणार नाही, कारण ती वैमानिक होणार की नाही हेच अजून तिने ठरवलेले नाही. तिला हवामानाचीच ओढ असेल, तर विमानसेवेला लागणारे हवामानशास्त्र, हवाई वाहतूक नियंत्रण आणि अपघातांचा तपास ही कामे तितकीच मोलाची आहेत, आणि यांतले कोणतेही काम वैमानिक होता आले नाही म्हणून पत्करायचे काम नव्हे. तिला विमानच चालवायचे असेल, फक्त थोडा वेळ हवा असेल, तर वर्षभर थांबल्याने काहीही बिघडत नाही.

प्रवेश पुढच्या तुकडीत ढकलता येतो का, ते संस्थेला विचारा. तिची वही मागून घ्या आणि त्यातले आकडे तिच्याकडूनच समजून घ्या. त्यानंतरचे पत्र तिने स्वतः लिहिले, तर चार्टर कंपनीबद्दलच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर मी तिला देईन.