गुरुजींना विचारा : शाबासकी किती, लाल फुली किती?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. चुकांवर लाल फुली मारली की काही पोरं दुसऱ्या दिवशी वहीच आणत नाहीत. म्हणून सगळ्यांना 'छान', 'शाबास' लिहू लागले, तर आता कोणी मन लावून करत नाही. पालक म्हणतात, 'मॅडम, दोन ठेवून द्या.' एका वहीचा फोटो सोबत पाठवते. काय करू?

उत्तर : बाई, 'दोन ठेवून द्या' हे आधी बाजूला सारू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १७ नं मारण्याला बंदी आहे, मानसिक छळालाही. चारचौघात 'ढ' म्हणणं मी तरी त्यातच धरतो.

आता फोटो. ५०३ वजा २६७, पोराचं उत्तर ३६४. तुमची फुली बरोबर. पण त्यानं केलं काय ते बघा. तीनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून तीन काढले. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहातून शून्य. पाचातून दोन गेले, तीन. एकही वजाबाकी चुकलेली नाही! अडलं ते फक्त हातच्यापाशी, त्यातही दशकाच्या घरात शून्य आहे म्हणून. मी असतो तर लिहिलं असतं, 'तिन्ही वजाबाक्या नीट केल्यास. पण वरच्यातून खालचा काढायचा. मधल्या सुट्टीत ये, दुकान खेळू.' शंभराच्या पाच नोटा अन् तीन रुपये चिल्लर, द्यायचेत २६७. पोरगं स्वतःच म्हणेल, शंभराची मोड आणा. नऊ दहाच्या नोटा, दहा रुपये चिल्लर. झाला हातचा. २३६ उरतात.

यात शाबासकी कुठली अन् चूक काढणं कुठलं, ते मला वेगळं करता येत नाही. नुसतं 'छान' लिहिलं तर पोराला कळत नाही काय छान. फुलीचंही तेच.

कौतुकात मी स्वतः सपशेल आपटलोय. चौथीतला एक पोरगा, तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ. शाळेत कोणी पाहुणा आला की मी त्याला उभा करायचो, 'हा आमचा हुशार!' मोठे भागाकार सुरू झाले अन् त्याचं रोज पोट दुखायला लागलं. शेवटी त्याची माय बांधावर भेटली. म्हणाली, "गुरुजी, तो म्हणते, मले नाही जमलं त गुरुजी काय म्हणतीन?" महिनाभर झोप नीट लागली नाही.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर नेमका हाच प्रयोग करून १९९८ साली छापला होता. कोडी सुटल्यावर काहींना 'हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'मेहनत केलीस'. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं तिथं मन काढून बसली, मेहनतवाली चिकटून राहिली.

कापूस वेचणीत पंधरा दिवस बुडालेल्या पोराची वही एका दमात तपासू नका. एका वेळी एकच चूक. अन् 'मले भूक लागली' यावर फुली नको, ती घरची बोली आहे. शेजारी 'मला' लिहा, पुस्तकात असं असते म्हणून.

पालकांचं म्हणाल, तर पुढच्या सभेत ही ५०३ ची वही दाखवा, पोराचं नाव झाकून. कुठं चुकलं ते त्यांनाच शोधू द्या. चहा गार होईल.